आमच्या भासऱ्यांच्या तापट पेशी

फुलसावंगीपासून पुसदपर्यंत माझे भासरे ज्याच्याशी भांडले नाहीत असा माणूस नाही; असलाच, तर तो त्या दिवशी बाहेरगावी गेला असेल. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांची शेती फुलसावंगीला, आमचं कृषी केंद्र पुसदला आणि त्यांचं भांडण या दोन्हींच्या मधल्या सगळ्या रस्त्यावर. सकाळच्या बसमध्ये कंडक्टरपासून सुरुवात व्हायची. खिडकी उघडी असेल तर ती बंद का नाही, आणि बंद असेल तर उघडत का नाही. गाणारे लोक मैफलीआधी आवाज तापवून घेतात, तसा हे पुसद येईपर्यंत आवाज तापवून घेत. मग दिवसभर बाजार यांचाच. जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या ओलाव्यावरून भांडत, आणि स्वतःचा कापूस विकून झाला की मागच्या गाडीवाल्याच्या कापसासाठी भांडायला थांबत. त्या गाडीवाल्याची काही तक्रार नसली तर त्याच्याशीच भांडत. गावच्या विहारात पंखा भंतेजींकडे असावा की उपासकांकडे, यावर यांनी समितीची बैठक इतकी लांबवली की शेवटी वीजच गेली. "पाहा, म्हूनच म्हनत होतो," असं म्हणून हे जिंकल्यासारखे घरी आले. काय म्हणत होते ते आजवर समितीला कळलेलं नाही.

माझ्या लग्नात हे वरपक्षाकडून भांडायला आले होते. पण माझे वडील प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते, त्यामुळे यांची मोठी पंचाईत झाली. जेवणाची पंगत उठेपर्यंत यांनी कसाबसा दम धरला, आणि मग सरळ आमच्या बाजूला येऊन वरपक्षाशी भांडले. माझ्या बहिणींना वाटलं, किती चांगला माणूस. मी तेव्हाच ओळखलं की या माणसाला बाजू लागत नाही, नुसतं भांडण लागतं.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून अंगठ्यानं घोटत बसणं हा आमच्या जिल्ह्यात अर्ध्या पुरुषांचा उद्योगच आहे, त्याचं मला नवल नाही. नवल याचं, की तंबाखूच्या विरोधात भासऱ्यांइतकं कळकळीचं भाषण मी कोणाचं ऐकलेलं नाही. लोकांच्या पोरांना उभं करून ते तोंडाच्या रोगाची अशी वर्णनं करत की पोरं रडकुंडीला येत. आणि हे सगळं सांगताना यांचा अंगठा पन्नीवर फिरतच असायचा. मी एकदा त्या पन्नीकडे नुसतं पाहिलं. "मी आता कामातून गेलो, बाई. त्याइले वाचवून राह्यलो," असं त्यांनी मला वर ऐकवलं.

आणि तिसरी गोष्ट, सुई. एवढा मोठा आवाज आणि एवढ्या मोठ्या मिशा असलेला माणूस सुईला इतका भितो, हे पाहिल्याशिवाय पटणार नाही. गावात लसीचं शिबिर आलं तेव्हा म्हाताऱ्यांना आधी, बायकांना आधी, लांबच्या वस्तीवरच्यांना आधी, असं भांडून भांडून यांनी अख्ख्या गावाची रांग लावून दिली. नर्सबाई खूश. यांचा स्वतःचा नंबर आला तेव्हा हे वावरात होते. जाऊबाईंनी हाताला धरून परत आणलं, तर सुईकडे पाहून म्हणाले की ही वापरलेली दिसते. नर्सबाईंनी नवीन पाकीट त्यांच्या डोळ्यांसमोर फोडलं. तर म्हणाले, फोडलेली कायले घ्यावी मी.

माझा नवरा त्याच आईच्या पोटचा, पण भासऱ्यांच्या अगदी उलट. दुकानात कोणी ओरडायला लागलं की आमचे हे त्याला बसायला स्टूल देतात. आवाज चढवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. असा माणूस एका वर्षी हंगामाच्या तोंडावर पांढरा पडत गेला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, खताचं पोतं सरकवलं तरी अंगावर निळे डाग उठायला लागले. पुसदच्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं, यवतमाळनं नागपूरला. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की हाडांच्या आत रक्त बनवणारा कारखानाच बिघडलाय. तो मोडून दुसऱ्या कोणाच्या मूळ पेशी आणून पुन्हा उभारावा लागेल. त्या जुळायला हव्यात, आणि जुळण्याचा संभव सख्ख्या भावाबहिणीत जास्त.

नणंदेचं रक्त तपासलं, जुळलं नाही. ज्या माणसाचं उभ्या जन्मात कोणाशी जुळलं नाही, त्याचं माझ्या नवऱ्याशी पुरतं जुळलं. डॉक्टर म्हणाले, फार छान जुळतंय. मी मनात म्हटलं, तुम्हाला अजून माणूस माहीत नाही.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की भासरे वावरात पळतील. पळाले नाहीत. पण आले ते असे आले की हॉस्पिटलला विसर पडू नये. दात्याच्या रक्तात मूळ पेशी वाढाव्यात म्हणून रोज इंजेक्शन घ्यायचं असतं. त्यानं हाडं दुखतात. यांची दुखली, तर त्याची बातमी वॉर्डातल्या नर्सपासून खालच्या पार्किंगवाल्यापर्यंत सगळ्यांना मिळाली. इंजेक्शनच्या वेळी ते डोळे गच्च मिटून नर्सशी भांडत, म्हणजे भांडता भांडता टोचून व्हायचं. तिलाही ते कळलं होतं. ती बिचारी रोज मुद्दाम एखादं वाकडं वाक्य बोलायची.

मग पेशी काढायचा दिवस. दोन्ही हातांत सुया, शेजारी मशीन. एका हातातून रक्त जायचं, मशीन त्यातल्या हव्या त्या पेशी काढून घ्यायची आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत अंगात सोडायची. भासऱ्यांनी हे समजून घेतलं आणि त्यांचा पारा चढला. दिलेली वस्तू अशी चाळून घ्यायची आणि उरलेली परत करायची, ही कुठली रीत? "आमच्यात दिलेला आहेर वापस घेत नाहीत," असं त्यांनी त्या मशीनवरच्या माणसाला बजावलं. सगळं रक्त घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. तो माणूस शांतपणे म्हणाला, काका, सगळं घेतलं तर तुम्ही उरणार नाही. यावर ते थोडा वेळ विचारात पडले, ही त्यातल्या त्यात मोठी गोष्ट. तेवढ्या वेळात त्या माणसानं मशीन चालू केली.

त्याआधी एक तरुण डॉक्टरीण आली होती. ती संशोधन करत होती. दात्याच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या थोड्या बाजूला ठेवून त्यांच्यातली कोणती जनुकं, म्हणजे आपण जीन म्हणतो ती, चालू आहेत आणि कोणती बंद, ते तिला पाहायचं होतं. अशा पुष्कळ दात्यांचं पाहिलं, तर पुढेमागे आधीच सांगता येईल, की कोणाच्या पेशी रुग्णाच्या अंगात मुकाट्यानं नांदतील आणि कोणाच्या त्याच्यावरच उलटतील. मला ते लगेच कळलं. आम्ही बियाण्याच्या धंद्यातले; जीन हा शब्द आमच्या दुकानात बीटी कापसाच्या पाकिटांमुळे रोजचा आहे. एकाच पाकिटातलं बियाणं काळ्या जमिनीत बोंडांनी वाकतं आणि मुरमाड जमिनीत नुसता पाला धरतं. बियाण्यात सगळं असतं. त्यातल्या कशाला जाग आली, हा प्रश्न. भासऱ्यांना यातलं किती कळलं देव जाणे. पण त्यांनी छाती काढून परवानगी दिली. "पाहून घ्या. आपल्याजवळ लपवालपवीचं काम नाही."

माझा नवरा वाचला. महिने गेले, केस परत आले, रंग परत आला. त्याचं सगळं श्रेय डॉक्टरांना दिलं तर भासरे रागावत, आणि त्यांना दिलं तर त्यांची पुढची बढाई आम्हाला ऐकवत नसे. आपल्या पेशी संशोधनाला गेल्या, हे त्यांनी फुलसावंगीत अशा थाटात सांगितलं, की जणू कृषी विद्यापीठानं यांचा वाण निवडला. त्यात माझ्या नवऱ्याचा रक्तगट बदलून भासऱ्यांचा झाला. असं होतंच, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण तेव्हापासून भासऱ्यांना जो चेव चढला, तो विचारू नका. हे आठवड्यातून दोनदा दुकानात येऊन माझ्या नवऱ्याची अशी तपासणी करत, जशी पेरलेल्या वावराची करतात. माझ्या नवऱ्यानं भाजीत तिखट मागितलं, तर ती यांच्या पेशींची खोड. दुपारी झोप लागली, तर तीही यांचीच. "हा आता अर्धा मी हाय," असं गिऱ्हाइकांसमोर सांगत. एकदा मी म्हटलं, भाऊजी, अर्धे तुम्ही असाल तर तो अर्धा जरा फुलसावंगीला घेऊन जा, मला दोघांचं जेवण करणं होत नाही. तर हसले. भांडायच्या ऐवजी हसले, इतके ते त्या दिवसांत खुशीत होते.

आणि मग माझ्या नवऱ्याच्या अंगावर चट्टे उठले.

आधी तळहातावर, मग छातीवर, पाठीवर. तोंड आतून सोलल्यासारखं झालं, साधं वरण गिळवेना. नागपूरला गेलो. भासरे सोबत होतेच. डॉक्टरांनी समजावलं, की नव्या पेशी लढवय्या असतात; कधी कधी त्या या शरीरालाच परकं समजतात आणि त्याच्यावर चालून जातात. हे चांगलं जुळलेल्या दात्यातही होतं, यावर औषधं आहेत, पण आता काही महिने जपावं लागेल. आटोक्यात आलं नाही तर जिवावर बेतू शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. मी पुढचं विचारत होते, गोळ्या कशा द्यायच्या, पथ्य काय. मध्येच भासऱ्यांनी विचारलं, "म्हंजे साहेब, माह्याच पेशी त्याले खाऊन राह्यल्या?"

डॉक्टर म्हणाले, तसं नका म्हणू. पण नाही असंही म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर यांनी त्या संशोधनवाल्या मुलीला फोन लावला. मी शेजारीच होते. आपल्या पेशींचा निकाल काय आला, हे त्यांना पाहिजे होतं. तिनं नीट सांगितलं, की हे एकेकट्या माणसाचं प्रगतिपुस्तक नसतं, पुष्कळ दात्यांचं एकत्र पाहिल्यावरच काही म्हणता येतं, आणि त्याला वेळ लागेल. भासरे ऐकत होते. पन्नी हातात होती, अंगठा थांबलेला. "बरं, येवढंच सांगा पोरी," ते म्हणाले, "तापट निघाल्या का गरीब?" ती काय सांगणार? त्यानंतरही ते तिला फोन करत राहिले, आणि ती दर वेळी तेवढ्याच सबुरीनं तेच सांगत राहिली. मी तिच्या जागी असते तर नंबर बंद केला असता.

पुढचे काही आठवडे मला दुसरं सुचत नव्हतं. दुकान, गोळ्या, मऊ भात, नागपूरच्या फेऱ्या. त्यामुळे बाजूला काय चाललंय ते माझ्या ध्यानात उशिरा आलं. पहिली खबर जाऊबाईंचीच. त्या फोनवर दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे वाकडं बोलतच नाहीत वं. भाजीत मीठ नव्हतं, तं चुपचाप जेवले. घरात पाव्हणा राहून राह्यला असं वाटते मले. भेव लागते." मी म्हटलं, सुखानं झोपा, एवढ्या वर्षांनी विश्रांती मिळाली. मग एकदा फुलसावंगीच्या बसचा कंडक्टर मला बाजारात भेटला आणि तुमचे भासरे आजारी आहेत का म्हणून विचारू लागला. खिडकीतून पावसाचं पाणी अंगावर येत होतं तरी काका बोलले नाहीत, म्हणाला. त्याचा चेहरा असा उतरलेला, की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

खात्री पटली ती दुकानात. बियाण्याच्या कंपनीचा एक प्रतिनिधी आला होता. हा मुलगा टाय लावून येतो; त्याला तूर आणि हरभरा ताटात तरी ओळखू येईल की नाही याची मला शंका आहे, आणि तो भासऱ्यांना तूर कशी पेरावी ते शिकवू लागला. जे बोलला त्यातलं एक अक्षर धड नव्हतं. मी वाट पाहत होते. खरं तर मी काटा बंद करून वाट पाहत होते. भासऱ्यांच्या मानेची शीर फुगली. ओठ हलले. त्यांनी एकदा मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, जिथं माझा नवरा पडून होता, आणि म्हणाले, "असन बा."

तो मुलगा गेल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, तब्येत बरी नाही का. बरी आहे म्हणाले. मग काहून बोलून नाही राह्यले तुम्ही, म्हटलं. तेव्हा आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "त्या पेशी माह्याच हायेत ना, बाई. मी इथं तापलो का त्या तिथं त्याच्या अंगात तापतात. मी चूप राह्यलो तं त्याही राहतीन."

मी कपाळाला हात लावला. इतक्या नागपूरच्या फेऱ्या, इतक्या डॉक्टरांचं बोलणं, आणि डोक्यात शिरलं ते हे. विहारात हा माणूस हल्ली रोज संध्याकाळी वंदनेला मागे बसतो, पंखा कुठंही असो बोलत नाही, याचाही उलगडा झाला. सगळ्या प्राणिमात्रांविषयी मैत्री मनात धरायला बसतात तिथं. हे आपल्याच पेशींना शांत करायला बसत होते. मी त्यांना समजावलं, आणि गोडीनं नाही समजावलं. तुमच्या अंगातून निघाल्या त्या निघाल्या. त्यांचा आणि तुमचा आता संबंध नाही. तुमच्या वावरातलं बियाणं मी दुसऱ्याला विकलं, आणि तुम्ही इथं बांधावर बसून उपास केला, तर त्याच्या वावरातली अळी जाईल का? तर म्हणाले, वाण तं माह्याच राहीन ना. आणि राग जर पेशींना कळतो तर तुमचा खर्रा त्यांना कळत नाही का, असं विचारलं. तेव्हा पन्नी त्यांनी खिशात घातली.

शेवटी मी नागपूरच्या डॉक्टरांनाच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. डॉक्टरांनी भल्या माणसासारखं सगळं ऐकून घेतलं. सांगितलं, की काका, असा काही संबंध नसतो, तुम्ही खुशाल भांडा. तुमच्या पेशी वाईट नाहीत. त्या होत्या म्हणून तुमचा भाऊ आज आहे. भासरे उभं राहून ऐकत होते. हो साहेब, हो साहेब म्हणाले. फोन बंद झाल्यावर खाली बसले.

"डॉक्टर साहेब बरोबरच सांगत असतीन," ते म्हणाले. "पन त्याइचा भाऊ नाही ना तो."

मी पोती मोजायला गेले.

औषध लागू पडलं. चट्टे हळूहळू फिके झाले, तोंड बरं झालं, डॉक्टर गोळ्या कमी करत गेले. मी ते औषधाच्या खात्यात टाकते. भासऱ्यांनी ते कोणाच्या खात्यात टाकलं, ते सांगायला नको. त्यामुळे आता त्यांची चुप्पी मोडायची काही सोयच उरली नाही. पीक हाती आलं असताना कोण औषध बंद करील?

मागच्या आठवड्यात माझा नवरा बऱ्याच दिवसांनी गल्ल्यावर बसला होता. भासरे शेजारी स्टुलावर. तोच टायवाला मुलगा आला आणि गेल्या हंगामात ज्या बियाण्याची उगवण झाली नव्हती, त्याचा दोष शेतकऱ्यांच्या माथी मारू लागला. आणि माझ्या नवऱ्याचा आवाज चढला. लग्नाला एवढी वर्षं झाली, तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आमचे हे चक्क उभे राहिले, टेबलावर हात आपटला, गरीब माणसाचा हंगाम जातो ते समजतं का तुला, असं बरंच काही बोलले, आणि बरोबर बोलले. मुलगा घाबरून बॅग आवरायला लागला.

मला वाटलं, भासरे आता फुलून येतील. अर्धा मी हाय म्हणतील, सगळ्या पुसदला सांगतील. पण ते घाईघाईनं उठून काउंटरच्या आत आले, माझ्या नवऱ्याला खांद्याला धरून खाली बसवलं, "हळू, बापू, हळू," म्हणाले, आणि त्याच्या शर्टाची बाही वर करून हात उजेडात धरला. एकदा या बाजूनं पाहिला, एकदा त्या बाजूनं. चट्टा नव्हता. दुसरी बाही वर केली. तिथंही नव्हता. मग बाही नीट खाली केली, बटण लावून दिलं आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

मी चहा केला. भासऱ्यांच्या कपात मुद्दाम साखर टाकली नाही, आणि दूधही जवळजवळ नाहीच. असा चहा त्यांना पूर्वी दिला असता तर तो कप, मी, माझं माहेर आणि चहाची कंपनी, कोणाची सुटका नव्हती. त्यांनी एक घोट घेतला. मी ट्रे हातात धरून तिथंच उभी राहिले. दुसरा घोट घेतला.

"चांगला झाला," ते म्हणाले.

मी आणखी थोडा वेळ थांबून पाहिलं.